स्क्रीन बदलली आणि ट्रू टोन गायब, फॉरमॅट मारून परत येईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम१ मॅकबुक एअर, २०२१ मध्ये घेतलेलं. कॅमेऱ्यावर ते सरकवायचं प्लास्टिकचं झाकण चिकटवलेलं होतं, लॅपटॉप बंद करताना दाब आला आणि स्क्रीनला वरपासून खालपर्यंत तडा. ऑथराइज्ड सेंटरवाल्यांनी ४२ हजार सांगितले, बाजारातल्या दुकानाने १९ हजारात दोन तासांत बदलून दिली. घरी आल्यावर बघतात तर सेटिंगमधून ट्रू टोनचा (खोलीतल्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग बदलणारा) ऑप्शनच गेलेला, ब्राइटनेस आपोआप कमीजास्त व्हायचा तेही बंद, आणि पांढरं पान जरा निळसर दिसतंय. दुकानदार म्हणतो सॉफ्टवेअर इश्यू आहे, अपडेट मारा, नाहीतर फॉरमॅट मारा, त्यानेही नाही आलं तर २५०० रुपयांत "प्रोग्रामिंग" करून देतो. विचारणारे लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतात. त्यांना तीन गोष्टी हव्यात: फॉरमॅटने काम होईल का, २५०० द्यावेत का, आणि स्क्रीन डुप्लिकेट लावली आहे का.

मी कोल्हापुरात लॅपटॉप रिपेअरिंग करतो, १७ वर्षं झाली, हा प्रश्न महिन्यातून दोनदा तरी काउंटरवर येतो म्हणून जरा नीट लिहितो, लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी सरळ उत्तरं. फॉरमॅट मारू नका. २५०० आत्ता लगेच देऊ नका. तिसऱ्याचं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही, ते कोणी दिलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, पण तुमचं तुम्हाला घरी बसून बऱ्यापैकी काढता येईल, ते खाली सांगतो. आणि या सगळ्याच्या आधी दुकानात एक फोन करा आणि विचारा, माझी जुनी फुटलेली स्क्रीन कुठं आहे. ती परत मागा. का ते पुढे येईलच.

आता मुद्दा. तुम्ही विचारलंय ट्रू टोनबद्दल, पण ट्रू टोन गेलं हे लक्षण आहे, दुखणं वेगळं आहे. दुखणं म्हणजे तुमच्या मशीनला नेमकं काय लावलंय हे तुम्हाला कोणी सांगितलेलं नाही. मॅकबुकमध्ये "स्क्रीन" म्हणजे नुसती काच नसते. विंडोज लॅपटॉपचं आम्ही बेझल, म्हणजे स्क्रीनभोवतीची चौकट काढतो, मागचं झाकण तसंच ठेवून मधलं पॅनल बदलतो, झालं. मॅकमध्ये एलसीडी, काच, ॲल्युमिनियमचं झाकण, कॅमेरा, सेन्सर, केबल असं सगळं एकत्र येतं, त्याला बाजारात असेम्ब्ली म्हणतात. ही असेम्ब्ली तीन प्रकारे मिळते. एक, दुसऱ्या कुठल्यातरी बंद पडलेल्या मॅकची काढलेली ओरिजिनल, तिला आम्ही पुल म्हणतो. दोन, झाकण ओरिजिनल पण आतलं एलसीडी सोलून काढून बाहेरचं बसवलेलं, हिला दुकानदार बिनधास्त "ओरिजिनल रिफर्ब" म्हणतात, आणि झाकणावर सफरचंद खरं असतं म्हणून गिऱ्हाईक पण मान हलवतं. तीन, सगळीच कॉपी. १९ हजार या आकड्यावरून कुठली ते कळत नाही, कारण रेट दर आठवड्याला हलतो आणि प्रत्येक जण आपलं मार्जिन वेगळं लावतो.

तिन्हीमध्ये ट्रू टोन जातं. हे नीट लक्षात घ्या, कारण इथंच लोकांची गल्लत होते. ट्रू टोन गेलं म्हणजे स्क्रीन डुप्लिकेट, असं नसतं. शंभर टक्के ओरिजिनल पुल लावली तरी जातं.

कारण असं आहे. कॅमेऱ्याच्या बाजूला एक लाइट सेन्सर असतो, तो खोलीत उजेड किती आहे एवढंच बघत नाही, उजेड कुठल्या रंगाचा आहे ते पण बघतो. तुम्ही पिवळ्या बल्बखाली बसला की स्क्रीनचा पांढरा रंग थोडा पिवळ्याकडे नेतो, म्हणजे कागद जसा त्या उजेडात दिसेल तसा. मॅकबुकमध्ये हे २०१८ च्या प्रोपासून आलं, एअरमध्ये २०१९ पासून. आता हे करायचं तर मशीनला माहीत पाहिजे की माझ्या या स्क्रीनचा मुळातला पांढरा कसा आहे आणि हा सेन्सर किती अचूक वाचतो. दोन पॅनल कधी एकसारखे निघत नाहीत, एकाच लॉटचे दोन शेजारी ठेवा, एक किंचित गुलाबी एक किंचित हिरवा दिसणार. म्हणून फॅक्टरीत प्रत्येक स्क्रीन मोजून तिची आकडेवारी साठवतात आणि ती स्क्रीन आणि त्या मशीनचा मदरबोर्ड यांची जोडी लावतात. जोडी तुटली की मशीन म्हणतं, ही स्क्रीन माझ्या ओळखीची नाही, हिच्यावर मी रंगाचे उद्योग करणार नाही, आणि ऑप्शनच लपवून टाकतं.

ही जोडी लावायचं काम स्क्रीन बसवल्यावर पुन्हा करावं लागतं, अगदी कंपनीचा कोरा पार्ट असला तरी. अमेरिकेत ऑगस्ट २०२२ पासून एम१ मॅकबुकचे पार्ट आणि मॅन्युअल सामान्य ग्राहकाला मिळायला लागले, तिथंही स्क्रीन लावून झाली की शेवटची पायरी सिस्टिम कॉन्फिगरेशनची असते. आपल्याकडे ते ऑथराइज्ड सेंटरवाले करतात, तेही तुमच्या मशीनच्या सिरियल नंबरवर मागवलेल्या पार्टला. दुकानदाराच्या हातात ते टूल नसतं. त्यामुळे त्याने मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही, पण लावायच्या आधी "ट्रू टोन जाणार बरं का" एवढं एक वाक्य बोलायला पाहिजे होतं. ते बोललं की अर्धी गिऱ्हाइकं म्हणतात चालतंय, लावा. लपवलं की मग भांडण.

कंपनीचं म्हणणं असतं की चुकीच्या आकड्यांवर ट्रू टोन चालवलं तर रंग वाकडे दिसतील. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नाही. पण मग मालकाला स्वतः कॅलिब्रेट करायची सोय द्या ना, ऑप्शन गायब कशाला करता, हे माझं मत. जून २०२४ मध्ये ॲपलने स्वतःच एक कागद काढून सांगितलं होतं की बाहेरच्या आयफोन स्क्रीनवर ट्रू टोन जमेल तेवढं चालू करू देऊ, म्हणजे अशक्य नव्हतं हे त्यांनाही कबूल आहे.

आता फॉरमॅट. फॉरमॅटने तुमचा डेटा जातो, जोडी परत येत नाही, कारण ती मॅकओएसच्या फाइलींमध्ये नसतेच. अपडेट मारायला हरकत नाही, एकदा पूर्ण शटडाउन करून चालू करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे. आणि कोणी तुम्हाला पीरॅम रीसेट, एसएमसी रीसेट अशा चार बटणांच्या कसरती सांगितल्या तर तो माणूस अजून इंटेल मॅकच्या जमान्यात आहे असं समजा, एम१ मध्ये त्या कसरती नाहीतच.

एक छोटी शंका आधी काढून टाका. ते कॅमेऱ्यावरचं झाकण नवीन स्क्रीनवर परत चिकटवलंय का? चिकटवलं असेल तर काढा. जुलै २०२० मध्येच कंपनीने सांगून ठेवलंय की त्याने स्क्रीन फुटू शकते आणि सेन्सर झाकला जातो. पण सेन्सर झाकल्याने ऑप्शन गायब होत नाही, ऑप्शन तिथंच राहतो आणि नीट काम करत नाही. तुमच्याकडे ऑप्शनच नाही म्हणताय, त्यामुळे झाकण हे कारण नसणार. तरी काढाच.

ऑटो ब्राइटनेस पण गेलाय हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ट्रू टोन जाऊन ऑटो ब्राइटनेस राहिला असता तर सेन्सर जिवंत आहे एवढं तरी कळलं असतं. दोन्ही गेलेत म्हणजे एकतर मशीन त्या सेन्सरला पण ओळखत नाही, नाहीतर झाकणात सेन्सरच नाही किंवा एलसीडी बदलताना त्याची फ्लेक्स, म्हणजे पट्टीसारखी केबल, तुटली. ही फ्लेक्स बघितली नसेल तुम्ही, तांदळाच्या पापडासारखी पातळ असते, हीट देऊन एलसीडी सोलताना ब्लेड दोन मिलिमीटर इकडंतिकडं झालं की गेली. माझ्या हातून पण गेल्यात. कॅमेरा चालू करून बघा, चित्र आधीसारखं स्वच्छ आहे का. कॅमेऱ्याचं चित्र पण मळकं आलं तर झाकण बाहेरचं असण्याचा संशय वाढतो.

आता स्क्रीन कुठल्या जातीची आहे ते कसं बघायचं.

पहिलं, लॅपटॉप बंद करा, स्क्रीन काळी, आणि चालू ट्यूबलाइटखाली तिरका धरा. ट्यूबचं प्रतिबिंब बघा. ओरिजिनलवर चमक कमी करणारा थर असतो त्यामुळे प्रतिबिंब दबलेलं आणि जांभळट-निळसर झाक असलेलं दिसतं. स्वस्त काचेवर ट्यूब ढळढळीत पांढरी दिसते, आरशात दिसावी तशी. शेजारी कोणाचा कधीच दुरुस्तीला न उघडलेला मॅक असेल तर दोन्ही एकत्र धरा, मग मला विचारायची गरज पडणार नाही. आम्ही माल घेताना पण हेच करतो, पेटीतून काढला की पहिला ट्यूबखाली.

दुसरं, ब्राइटनेस फुल्ल करून पांढरं पान उघडा आणि पुन्हा त्या शेजारच्या मॅकशी ताडून बघा. एम१ एअर ४०० निट्सचं आहे (निट्स म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप). फरक असेल तर डोळ्याला लगेच कळतो. तिसरं, रात्री दिवे घालवून पूर्ण काळं चित्र लावा, कडेने उजेड झिरपतोय का, कोपऱ्यात ढग दिसतायत का बघा. थोडा सगळ्यातच असतो, पण एका बाजूने पट्टा दिसला तर ते सोलून बसवलेलं एलसीडी असायची शक्यता जास्त.

चौथं तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, रंगांची रेंज. एम१ एअरचा डिस्प्ले पी३ रेंजचा, म्हणजे जास्त रंग दाखवणारा आहे, त्याच्या आधी २०२० मध्येच आलेल्या इंटेल एअरचा साधा एसआरजीबी, म्हणजे कमी रंगांचा होता, आणि बाहेरच्या स्वस्त एलसीडींची पण धाव तेवढीच असते. वेबकिटवाल्यांचं (सफारी ब्राउझर ज्याच्यावर चालतो ते) एक जुनं टेस्ट पान आहे, त्यात लाल चौकोन असतो आणि त्या लालमध्येच जरा वेगळ्या लालने लोगो काढलेला असतो. पी३ स्क्रीनवर लोगो अंधुक दिसतो, साध्या स्क्रीनवर नुसता लाल चौकोन. पण इथं एक मेख आहे जी लोक सांगत नाहीत. लोगो दिसला नाही तर मशीन त्या स्क्रीनला साधी स्क्रीन समजतंय हे नक्की. लोगो दिसला म्हणून पास मात्र नाही, कारण मशीनला वाटतंय पी३ आहे आणि पॅनल प्रत्यक्षात कमी रंगांचं आहे असंही होतं, तेव्हा लोगो दिसतो पण सगळे रंग फिकट दिसतात. म्हणून ट्यूबखालची टेस्ट आणि ही टेस्ट दोन्ही मिळून बघा.

रंगांवर एवढा जोर का देतोय त्याचा किस्सा सांगतो, माझ्याच चुकीचा आहे. सुरुवातीच्या काळात एक लग्नाचे अल्बम करणारा पोरगा आला, विंडोज लॅपटॉप, स्क्रीन फुटलेली. मी साइज बघितली, फुल एचडी बघितलं, पिन बघितली, स्वस्तातलं पॅनल होतं ते लावलं. ते ४५ टक्के एनटीएससीवालं होतं (पॅनल किती रंग दाखवतं त्याचं हे माप), म्हणजे रंग बरेच कमी, त्याचं आधीचं ७२ वालं होतं. मला तेव्हा हा आकडा असतो हेच ठाऊक नव्हतं, मला वाटायचं फुल एचडी म्हणजे फुल एचडी. त्याला पण तिथं उभ्या उभ्या काही कळलं नाही, नवीन स्क्रीन म्हणजे कोणालाही चांगलीच वाटते. पंधरा दिवसांनी आला तो अल्बम हातात घेऊन. नवरीची अष्टपुत्री हळदीच्या पिवळ्याच्या जागी भडक शेंदरीकडे गेलेली, शालूचा लाल असा की बघवेना, आणि सगळ्या पाहुण्यांचे चेहरे उन्हात करपल्यासारखे. झालं काय होतं, माझ्या पॅनलवर त्याला सगळं फिकट दिसायचं म्हणून तो बिचारा रंग वाढवत गेला, स्क्रीनवर छान दिसेपर्यंत वाढवला, आणि प्रेसला जे गेलं ते हे. चाळीस पानांचा अल्बम परत छापावा लागला. निम्मे पैसे मी दिले, ते द्यायलाच पाहिजे होते. त्या दिवसापासून पॅनल विचारताना मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो, काम काय करता.

तुमचं काम बघता तुमचाही प्रश्न तोच आहे. खरं तर चित्रं काढणाऱ्यांनी काम करताना ट्रू टोन बंदच ठेवायचं असतं, कारण ते खोलीतल्या उजेडानुसार रंग हलवतं, सकाळी खिडकीपाशी निवडलेला निळा रात्री दिव्याखाली वेगळाच दिसणार. आणि आपल्या घरांत बहुतेक ठिकाणी ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब असते, स्क्रीनचा पांढरा पण साधारण तेवढाच, म्हणजे ट्यूबखाली ट्रू टोन चालू काय नि बंद काय, फार फरक दिसतच नाही. फरक दिसतो तो हॉटेलात, पिवळ्या दिव्यांच्या बेडरूममध्ये. म्हणून म्हणतो की ऑप्शन गेला याचं फार दुःख करू नका, पांढरं पान निळसर दिसतंय हे जे तुम्ही शेवटी सहज लिहिलंय ना, काळजी करायची गोष्ट ती आहे.

जाता जाता विंडोजवाल्यांसाठी पण लिहितो, कारण खाली कोणीतरी विचारणारच. तिकडं जोडीबिडी नसते सहसा, तिकडं फीचर जातात ते पार्ट नंबर चुकल्यामुळे. पॅनलच्या मागे स्टिकर असतो, बी१५६ एचएएन असं काहीतरी आणि पुढे टिंब देऊन आकडे, तो अख्खा नंबर जुळवायचा, शेवटच्या आकड्यापर्यंत. गेमिंग लॅपटॉप १४४ हर्ट्झचा होता आणि आता सेटिंगमध्ये ६० च दिसतंय अशी तक्रार आली की मी आधी पिन मोजतो. साधं ६० चं पॅनल ३० पिनचं असतं, १४४ चं बहुतेक ४० पिनचं. का, तर हिशेब सोपा आहे, फुल एचडीत २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल, प्रत्येकाचे २४ बिट, सेकंदाला ६० वेळा पाठवायचे तर साधारण ३ गिगाबिट होतात, १४४ वेळा तर ७ च्या वर, मग केबलमध्ये तारा जास्त लागतात. पॅनल बरोबर पण केबल ३० पिनची घातली की तो वेग येणारच नाही, ड्रायव्हर कितीही टाका. टच गेला असेल तर टचचं पॅनलच लावलेलं नसतं. ब्राइटनेसचा बार हलतो पण उजेड बदलत नाही, तर पॅनल मंद करायची पद्धत वेगळी. झाकण बंद करून लॅपटॉप झोपत नाही, तर नवीन बेझलमध्ये लोहचुंबक नाही, इतकं साधं असतं. आणि स्क्रीन मध्येच फडफडते तर इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये पॅनल सेल्फ रिफ्रेश नावाचं एक बटण आहे ते बंद करून बघा, हा एक इश्यू मात्र खरंच सॉफ्टवेअरमधून जातो बऱ्याचदा.

परत तुमच्याकडे. ते २५०० चं प्रोग्रामिंग म्हणजे काय. जुन्या स्क्रीनच्या आत एक छोटा बोर्ड असतो, त्यावरच्या चिपमध्ये त्या स्क्रीनची ओळख असते. ती नव्या स्क्रीनवर आणायची, कधी मशीन लावून वाचून लिहायची, कधी चिपच उचलून इकडची तिकडं सोल्डर करायची. जमतं कधीकधी. मी स्वतः मॅकचं हे काम करत नाही, मुंबईला पाठवतो, पाठवलेल्यातल्या काहींचं ट्रू टोन आलं, काही तशाच परत आल्या. पण कुठल्याही पद्धतीला जुनी स्क्रीन लागते. जुनी स्क्रीन नसताना कोणी प्रोग्रामिंग करतो म्हणाला तर तो दुसऱ्याच कुठल्यातरी स्क्रीनची ओळख तुमच्या स्क्रीनवर लिहिणार. मग ऑप्शन येईल, तुम्ही खूश व्हाल, आणि रंग अजून बिघडतील कारण आकडे तिसऱ्याचेच आहेत. शिवाय जुनी स्क्रीन असली तरी नवीन एलसीडीला जुन्याचे आकडे लावणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालण्यासारखंच आहे, नंबर जवळपास असला तर चालून जातो एवढंच.

म्हणून जुनी स्क्रीन. आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. फुटलेली ओरिजिनल असेम्ब्ली कचरा नसते. झाकण चांगलं असतं, कॅमेरा चांगला असतो, सेन्सर असतो. ती विकली जाते, तिच्यात बाहेरचं एलसीडी बसतं आणि ती पुन्हा कोणाच्या तरी मशीनवर "ओरिजिनल रिफर्ब" म्हणून चढते. काही दुकानदार त्याची किंमत धरून तुम्हाला रेट कमी देतात, ते ठीक आहे, पण मग तसं सांगायला पाहिजे. न सांगता ठेवून घेतली असेल तर ती तुमची वस्तू आहे, मागायला लाजू नका.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं, ते टेस्ट काय सांगते त्यावर आहे. ट्यूबखाली स्क्रीन ओरिजिनलसारखी दिसली, लोगो दिसला, ब्राइटनेस शेजारच्या मॅकएवढा आहे, म्हणजे बहुतेक पुल आहे. मग प्रोग्रामिंगच्या नादाला लागू नका, १९ हजारात वाईट सौदा नाही झाला. निळसरपणा डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये कलर प्रोफाइल कस्टमाइज करून पांढरा बिंदू (व्हाइट पॉइंट) जरा खाली आणला की बराच जातो, आणि छापायचं काम नियमित असेल तर स्क्रीनवर ठेवून रंग मोजायचं यंत्र एखाद्या फोटोग्राफर मित्राकडून दोन तासांसाठी आणा, त्याने केलेलं प्रोफाइल डोळ्यांच्या अंदाजापेक्षा कधीही बरं. संध्याकाळी डोळ्यांसाठी नाइट शिफ्ट आहेच, ते घड्याळावर चालतं, त्याला सेन्सर लागत नाही, ते तुमच्याकडे अजून असणार.

स्क्रीन साधी निघाली तर मात्र दुकानात जा आणि पैसे परत मागण्यापेक्षा पुल लावून मागा, वरचे काही हजार द्यावे लागले तरी. ट्रू टोन तेव्हाही येणार नाही हे आधीच मनाशी पक्कं करून जा, पण रंग येतील, उजेड येईल. सगळंच परत पाहिजे, ट्रू टोनसकट, तर खात्रीचा रस्ता एकच, ऑथराइज्ड सेंटर, ४२ हजार, आणि एवढ्या जुन्या एम१ वर तेवढे घालायचे का हा तुमच्या खिशाचा प्रश्न आहे, मी त्यात पडत नाही. काहीही उघडायचं झालं तर आधी टाइम मशीनवर बॅकअप घ्या, आणि दुकानदाराला सांगा की डिस्प्लेची केबल काढायच्या आधी बॅटरी काढ. बॅकलाइटचा व्होल्टेज जास्त असतो, घाईत जिवंत केबल ओढली आणि बोर्ड उडाला असे मॅक माझ्याकडे आलेत, मग स्क्रीनचं दुःख कोणालाच राहत नाही.

बिलावर काय लिहिलंय ते पण बघा. नुसतं "स्क्रीन रिप्लेसमेंट" लिहिलं असेल तर भांडायला फारसं काही नाही. "ओरिजिनल" लिहिलं असेल आणि ट्यूबखाली ती ओरिजिनल नसेल, तर तुमची बाजू चांगली आहे, आधी दुकानात शांतपणे बोला, नाही ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. केंद्र सरकारचं राइट टू रिपेअर पोर्टल पण आहे, २४ डिसेंबर २०२२ ला सुरू झालं, पण तिथं कंपन्यांची माहिती असते, गल्लीतल्या दुकानाशी असलेलं भांडण तिथं मिटत नाही. बिलच घेतलं नसेल तर, काय बोलणार, माझ्याकडचीही अर्धी गिऱ्हाइकं बिल नको म्हणतात.

तो फोन मात्र आजच करा. आमच्याकडे फुटका माल गोळा करणारा माणूस आठ-पंधरा दिवसांनी एकदा येऊन सगळं एकदम घेऊन जातो, तुमच्या दुकानदाराकडेही कोणी तसा येतच असणार, आणि एकदा तुमची स्क्रीन त्याच्या पोत्यात गेली की ती कुठल्या गावात कुणाच्या लॅपटॉपवर चढली हे त्या दुकानदारालासुद्धा सांगता येणार नाही.